सर्व्हेवर आधारित प्रबंध: कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि नेमकं कुठे चुकतं

सर्व्हे करून लिहायचा प्रबंध असला, मग तो एमएचा असो, एमएसडब्ल्यूचा असो की पीएचडीचा, बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात गुगल फॉर्म उघडतात, नाहीतर सीनियरची प्रश्नावली घेऊन तिच्यात चार प्रश्न वाढवतात. फॉर्म भरून आले की मग गाईडला विचारतात, आता याच्यावर कोणती संख्याशास्त्रीय टेस्ट लावायची. तोवर उशीर झालेला असतो, कारण जे विचारलंच नाही त्याचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरमधून निघत नाही. प्रश्नावली हे चौथं काम आहे, त्याआधीची तीन कामं सोडली की पुढचं सगळं कोलमडतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू या: एका तालुक्यातल्या महिला बचत गटांचा अभ्यास. हा विषय दरवर्षी किती तरी मुलं-मुली घेतात आणि त्यात नेहमीच्या जवळजवळ सगळ्या चुका सापडतात.

१. आधी प्रश्न ठरवा, शीर्षक नंतर

"महिला सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका: एक अभ्यास" हे शीर्षक झालं, यात प्रश्न कुठेच नाही. प्रश्न असा हवा: गटातून घेतलेलं कर्ज कशावर खर्च करायचं हे जी बाई स्वतः ठरवते, तिचा घरातल्या मोठ्या निर्णयांत सहभाग, जिचं कर्ज घरचे लोक वापरतात तिच्यापेक्षा जास्त असतो का? आता कुणाशी बोलायचं, कुणाची तुलना कुणाशी करायची आणि काय मोजायचं, तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात आल्या.

उद्दिष्टं तीन पुरेत, फार तर चार. आठ-दहा उद्दिष्टं लिहिली की सिनॉप्सिस (सुरुवातीला द्यायचा आराखडा) भरगच्च दिसतो पण शेवटी त्यातल्या निम्म्यांना एकही सारणी मिळत नाही आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तपासा: तुमच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं येऊ शकतं का? येऊच शकत नसेल तर तो संशोधनाचा प्रश्न नाही, तुमचं मत आहे. आणि उत्तर "नाही" आलं तरी प्रबंध उभा राहायला हवा, तसा प्रश्न निवडा.

२. वाचायचं, पण मोजमाप शोधायला

शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर तुमच्या विषयाचे प्रबंध सापडतात. ते वाचताना सारांश उतरवत बसू नका. एक्सेलमध्ये एक शीट करा आणि प्रत्येक अभ्यासाची एक ओळ लिहा: प्रश्न काय होता, नमुना (ज्यांची माहिती घेतली ते निवडक लोक) किती आणि कसा निवडला, मुख्य गोष्ट कशी मोजली, काय सापडलं, काय राहून गेलं. "कशी मोजली" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक भरत नाहीत.

"निर्णयातला सहभाग" कसा मोजायचा याचं डोकं तुम्हाला नव्याने लढवायची गरज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (मुंबईची आयआयपीएस संस्था ते करते, पाचवी फेरी २०१९-२१ ची) विवाहित बायकांना तीन गोष्टी विचारतात: स्वतःच्या तब्येतीबद्दल, घरातल्या मोठ्या खरेदीबद्दल आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाण्याबद्दल निर्णय मुख्यतः कोण घेतं. ती प्रश्नावली सगळ्यांसाठी उपलब्ध आहे. तपासून झालेले प्रश्न वापरले की तुमचे आकडे जिल्ह्याच्या-राज्याच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात, घरी बनवलेल्या दहा विधानांना ही सोय नाही.

एक मात्र बघा. हे प्रश्न विवाहित बायकांसाठी आहेत, आणि बचत गटांत विधवा आणि परित्यक्ता बायका असतातच. त्यांना "तुम्ही की नवरा" असं विचारून कसं चालेल? त्यांच्यासाठी पर्याय वेगळे हवेत किंवा त्यांचं विश्लेषण वेगळं हवं, आणि ते आत्ताच ठरवायचं, फील्डवर गेल्यावर नाही.

संदर्भ साठवायला आणि सूची करायला झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा, ते फुकट आहे. आणि एआय टूलने सुचवलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, कारण लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं आणि तो लेख मात्र अस्तित्वातच नाही असं सर्रास होतं.

३. कोऱ्या सारण्या काढा

हीच पायरी सगळे वगळतात आणि माझ्या मते अख्ख्या प्रबंधात हिच्याइतकी उपयोगी दुसरी पायरी नाही.

एक वही घ्या. प्रत्येक उद्दिष्टासाठी, शेवटी प्रबंधात जी सारणी छापली जाणार आहे ती आत्ताच काढा, आकडे न भरता. आपल्या उदाहरणात आडव्या ओळी दोन: "कर्जाचा वापर स्वतः ठरवला" आणि "घरच्यांनी ठरवला". उभे रकाने: तीनपैकी किती निर्णयांत सहभाग, शून्य, एक, दोन, तीन. खाली लिहा की इथे काय-स्क्वेअर (दोन गोष्टींत दिसणारा संबंध निव्वळ योगायोग असू शकतो का हे तपासणारी टेस्ट) लागेल. एवढंच. दुसरं उद्दिष्ट गट किती जुना आहे याच्याशी जोडलेलं असेल तर त्याची वेगळी सारणी.

या सारण्या समोर ठेवल्या की काय विचारायचं ते आपोआप ठरतं. गटाचं वय लागणार म्हणजे स्थापनेचं वर्ष विचारायचं, आणि ते त्या बाईला नाही तर गटाच्या रजिस्टरमधून घ्यायचं. धर्म, घराचा प्रकार, टीव्ही आहे का, हे एकाही सारणीत येत नसेल तर विचारायचंच नाही. चाळीस प्रश्नांतले पंचवीस असेच गळून पडतात आणि मुलाखत बरीच लहान होते, शेतातून दमून आलेल्या बाईसाठी तो फरक फार मोठा असतो.

कर्ज घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करायची असेल तर कर्ज न घेतलेल्या पुरेशा बायका नमुन्यात हव्यात हेही इथेच लक्षात येतं.

तपासा: कोऱ्या सारण्या गाईडला दाखवा आणि त्यावर सही-तारीख घ्या. सिनॉप्सिसपेक्षा या पानांवरची चर्चा जास्त कामाची ठरते.

४. प्रश्नावली

आता लिहा. ज्या बोलीत विचारणार त्याच बोलीत लिहा. इंग्रजी प्रश्नाचं पुस्तकी मराठी करून फील्डवर तोंडी सोपं करून सांगितलं तर प्रत्येक बाईला तुम्ही वेगळाच प्रश्न विचारलेला असतो.

नेहमी सापडणारे बिघाड असे:

- एका प्रश्नात दोन गोष्टी: "गटामुळे तुमचं उत्पन्न आणि आत्मविश्वास वाढला का?" उत्पन्न वाढलं, आत्मविश्वास नाही, तर ती काय सांगणार?
- उत्तर सुचवणारा प्रश्न: "गटामुळे तुम्हाला किती फायदा झाला?" यात फायदा झालाच असं आपण आधीच धरलं.
- पाच पर्यायांची लांबलचक यादी, "पूर्णतः सहमत" पासून "पूर्णतः असहमत" पर्यंत, तोंडी वाचून दाखवणं. तिसऱ्या विधानानंतर सगळ्याला "हो, बरोबर" अशीच उत्तरं येतात. त्याऐवजी प्रत्यक्ष घडलेलं विचारा: शेवटचं कर्ज कधी घेतलं, किती, पैसे कशावर गेले, ते कुणी ठरवलं, हप्ता कोण भरतं.
- "गेल्या १२ महिन्यांत" असं नुसतं विचारणं. "मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत" म्हटलं की माणसाला हिशोब लागतो.
- उत्पन्न थेट विचारणं. दाखल्यावरचा आकडा सांगितला जातो किंवा "काही नाही हो, कसं तरी चालतं". जमीन किती (गुंठ्यात विचारा, ४० गुंठे म्हणजे एक एकर), किती बागायत किती जिरायत, घरात महिन्याचा पगार कुणाला आहे का, यावरून परिस्थिती जास्त खरी कळते.

अवघड प्रश्न शेवटी ठेवा. पहिलाच प्रश्न जात विचारणारा असला की समोरची व्यक्ती आवरून बसते आणि पुढची सगळी उत्तरं तुटक येतात.

५. नमुना

आकडा किती, हा प्रश्न सगळे विचारतात. कसा निवडला, हे फार थोडे जण. खरं तर दुसरा प्रश्न आधीचा आहे.

आकड्याचं सांगायचं तर एकूण संख्येवरून नमुन्याचा आकडा सांगणारी क्रेजसी आणि मॉर्गन यांची १९७० ची सारणी सगळीकडे वापरतात. एकूण संख्या १००० असेल तर नमुना २७८, आणि संख्या कितीही मोठी असली तरी ३८४ च्या आसपास. पण ती सारणी साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे, म्हणजे यादीतल्या प्रत्येकीला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. ओळखीच्या ३८४ जणींना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली आणि प्रबंधात या सारणीचा आधार लिहिला तर ते चूक आहे, आणि परीक्षक विचारतातच.

म्हणून आधी यादी मिळवा. गटांची यादी उमेद अभियानाच्या (बचत गटांसाठीचं सरकारी अभियान) तालुका कक्षात असते, गावपातळीवर ग्रामसंघाकडे (गावातल्या गटांचा संघ) आणि सीआरपी ताईंकडे (गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्या). समजा तालुक्यात २४० गट आहेत आणि तुम्हाला ४० हवेत, तर दर सहावा गट. सुरुवात चिठ्ठी टाकून ठरवा, ४ आली तर चौथा, दहावा, सोळावा असं पुढे. मग प्रत्येक गटाच्या हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून पाच जणी.

वीस गटांतल्या सगळ्या दहा-दहा जणी घेतल्या तरी २०० होतात आणि पायपीटही वाचते, मग चाळीस गटांतल्या पाच-पाच का? कारण एका गटातल्या बायका बऱ्याच बाबतीत एकमेकींसारख्या असतात, एकाच वस्तीतल्या, एकाच भावकीतल्या, एकाच बँकेकडून कर्ज घेतलेल्या. त्यामुळे वीस गटांतल्या २०० जणींकडून जेवढी माहिती मिळते ती सुट्या निवडलेल्या सव्वाशे, कधी कधी शंभर जणींएवढीच भरते. गट जास्त, प्रत्येक गटातल्या बायका कमी, हे चांगलं.

सावधान: हंगाम बघा. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांची घरंच्या घरं बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीत फील्डवर गेलात तर सगळ्यात गरीब घरांतल्या बायका यादीत असतील पण गावात नसतील, आणि त्यांच्या जागी गावात सापडलेल्या बायका घेतल्या की निष्कर्ष बदलतो. न भेटलेल्यांची नोंद ठेवा, किती जणी, का भेटल्या नाहीत, आणि ती प्रबंधात छापा. ती नोंद असली की वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो.

६. पायलट (प्रश्नावलीची आधीची चाचणी)

नमुना निवडून झाल्यावरच पायलट करा, म्हणजे त्यात न आलेल्या गटातल्या दहा-बारा जणींवर प्रश्नावली तपासता येते. फॉर्म भरून घेणं हा पायलटचा उद्देश नाही. प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नानंतर विचारा, "ताई, या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?" "मोठी खरेदी" म्हणजे कुणाला साडी वाटते, कुणाला म्हैस. मग प्रश्नातच म्हैस, शिलाई मशीन, मोबाइल अशी उदाहरणं घालावी लागतात.

एखाद्या प्रश्नाला सगळ्या एकच उत्तर देत असतील तर तो काढा, फरकच नसेल तर तुलना कशाची करणार? विधानांची मापनश्रेणी वापरली असेल आणि तिची क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) काढायची असेल तर दहा-बारा जणींवर काढलेल्या आकड्याला फार अर्थ नाही, मुख्य डेटावर पुन्हा काढा आणि ०.७० च्या खूप खाली आली तर लपवू नका, कोणतं विधान बाकीच्यांशी जुळत नाही ते शोधा.

७. परवानगी आणि फील्ड

विभागाचं पत्र, गाईडची सही, सोबत ओळखपत्र. गावात आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) भेटा, गटांसाठी सीआरपी ताईंना. शाळेत काम असेल तर मुख्याध्यापकांच्या आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागू शकतं, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी, शिवाय मुलाचं स्वतःचं हो सुद्धा. विद्यापीठाची एथिक्स कमिटी असेल तर तिची मंजुरी डेटा गोळा करण्याआधीच घ्यायची, नंतर कुणी देत नाही.

संमती म्हणजे कागदावर अंगठा एवढंच नाही. तुम्ही कोण, कशासाठी विचारताय, नाव कुठे येणार नाही, उत्तर नको असेल तर सोडता येईल आणि यातून कुठलं कर्ज किंवा योजना मिळणार नाही, हे सगळं तोंडी सांगा. शेवटचं वाक्य विसरलात तर अनेक जणी तुम्हाला बँकेचा किंवा सरकारचा माणूस समजून उत्तरं देतात.

गटाची बैठक चालू असताना मुलाखती उरकू नका. बाकीच्या नऊ जणी ऐकत असताना कोणती बाई सांगेल की कर्जाचे पैसे नवऱ्याने घेतले? घरी जा, सासू किंवा नवरा शेजारी बसला तर प्रश्नांचा क्रम बदलू नका पण फॉर्मवर खूण करा की दुसरं कुणी हजर होतं. पुढे विश्लेषणात या खुणेचा मोठा उपयोग होतो, हजर असताना आणि नसताना उत्तरं वेगळी आली का हे बघता येतं.

रोज संध्याकाळी, गाव सोडण्याआधी, त्या दिवसाचे सगळे फॉर्म उघडून बघा. रिकामी जागा दुसऱ्या दिवशी विचारून भरता येते, महिनाभराने नाही. मोबाइलवर भरणार असाल तर कोबोटूलबॉक्स हे फॉर्म भरायचं टूल बघा, रेंज नसली तरी चालतं.

८. डेटा एन्ट्री

एन्ट्री सुरू करायच्या आधी कोडबुक करा: प्रत्येक प्रश्नाचं छोटं नाव, प्रत्येक उत्तराचा आकडा. "उत्तर दिलं नाही" आणि "लागू नाही" यांना वेगळे कोड द्या, आणि शून्य यांपैकी कशालाच देऊ नका. ९९ हा कोड दिला असेल तर तो सॉफ्टवेअरला गहाळ उत्तर म्हणून सांगा, नाहीतर मुलांच्या संख्येची सरासरी भलतीच येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रत्येक कागदी फॉर्मवर क्रमांक, तोच क्रमांक शीटमध्ये. मूळ फाइल एकदा झाली की तिला हात लावायचा नाही, काम कॉपीवर. दहातला एक फॉर्म दुसऱ्या कुणाकडून पुन्हा भरून घ्या आणि ताडून बघा. नावं आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून.

९. विश्लेषण

वहीतल्या कोऱ्या सारण्या उघडा आणि भरा. हे काम महिन्याचं नाही, आठवड्याचं असतं, जर तिसरी पायरी केली असेल तर. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नसेल तर जामोव्ही किंवा जास्प फुकट आहेत आणि एमएच्या कामाला भरपूर होतात.

काही गोष्टी जपा. काय-स्क्वेअरमध्ये अपेक्षित आकडे (संबंध नसता तर त्या चौकटीत जेवढे आले असते ते) बऱ्याच चौकटींत ५ पेक्षा कमी असतील तर रकाने एकत्र करा किंवा लहान आकड्यांवर चालणारी फिशरची टेस्ट वापरा. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसेल तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा जास्त आली म्हणजे "फरक नाही हे सिद्ध झालं" असं होत नाही, एवढंच की फरक आहे असं म्हणायला तुमच्या डेटात पुरेसा पुरावा नाही. आणि नुसती पी-व्हॅल्यू छापू नका, एका गटात ६२ टक्के आणि दुसऱ्यात ४१ टक्के असं आलं असेल तर तो फरक वाक्यात लिहा, वाचणाऱ्याला तोच हवा असतो.

सगळ्यात मोठी चूक निष्कर्षाच्या भाषेत होते. कर्ज स्वतः वापरणाऱ्या बायका निर्णयात जास्त सहभागी दिसल्या म्हणून "कर्जामुळे सक्षमीकरण झालं" असं लिहिता येत नाही. ज्या आधीपासूनच घरात ठामपणे बोलतात त्याच कर्ज स्वतःच्या हातात ठेवत असतील. एकदाच केलेल्या सर्व्हेतून कोण कशामुळे हे कळत नाही, "संबंध दिसतो" इतकंच म्हणा, आणि ही दुसरी शक्यता स्वतःच मांडा.

सावधान: प्रत्येक प्रश्नाची एक सारणी, एक पाय चार्ट आणि खाली "वरील सारणीवरून असे दिसून येते की" म्हणून तेच आकडे अक्षरी, याने पानं भरतात, विश्लेषण होत नाही. वय, शिक्षण, कुटुंबाचा आकार हे सगळं एका सारणीत मावतं.

१०. लिखाण

छापायचा क्रम आणि लिहायचा क्रम वेगळा. संशोधन पद्धतीचं प्रकरण फील्ड चालू असतानाच लिहा, तेव्हाच सगळं आठवत असतं. मग विश्लेषण, मग चर्चा आणि निष्कर्ष, मग साहित्याचा आढावा नीट करा कारण तोवर कोणते अभ्यास खरोखर कामाचे हे कळलेलं असतं, मग प्रस्तावना आणि अगदी शेवटी सारांश.

आढाव्यात "अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला" असे परिच्छेद एकाखाली एक लावू नका. मुद्द्याप्रमाणे मांडा: कर्जाचा ताबा कुणाकडे याबद्दल कुणाचं काय म्हणणं, कुठे मतभेद, तुमचा अभ्यास त्यात कुठे बसतो. शिफारशी तुमच्या सारण्यांतूनच निघायला हव्यात. गटाच्या हिशोबाबद्दल एक प्रश्नही विचारला नसेल तर "हिशोबाचं प्रशिक्षण द्यावं" ही शिफारस कुठून आली?

मराठीत लिहीत असाल तर पहिल्या पानापासून युनिकोड. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून नंतर बदलताना जोडाक्षरं तुटतात आणि दोनशे पानं पुन्हा तपासावी लागतात. टायपिंग बाहेर देणार असाल तर हे आधीच बजावा.

११. तपासणी, सबमिशन, व्हायवा (तोंडी परीक्षा)

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सबमिशन बंद आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर यात धरत नाहीत. तुमच्या विद्यापीठाचा नियम यापेक्षा कडक असू शकतो, तो विभागातून लेखी घ्या. इंग्रजी प्रबंधातला उतारा मराठीत भाषांतर करून संदर्भाशिवाय घातला तर सॉफ्टवेअर कदाचित पकडणार नाही, पण ती चोरीच आहे आणि तो विषय माहीत असलेला परीक्षक लगेच ओळखतो.

बाइंडिंगला देण्याआधी एक दिवस फक्त आकड्यांसाठी ठेवा. प्रत्येक सारणीची बेरीज नमुन्याच्या संख्येशी जुळते का, सारांशातली टक्केवारी आणि सारणीतली एकच आहे का, मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि उलटही.

व्हायवाला जाताना भरलेले काही मूळ फॉर्म (नावं झाकून), कोडबुक, परवानगीची पत्रं आणि ती कोऱ्या सारण्यांची वही सोबत न्या. "हेच गट का निवडले", "हीच टेस्ट का" आणि "हा प्रश्न कुठून घेतला" हे तीन प्रश्न येणारच असं धरून प्रत्येकाचं उत्तर पान क्रमांकासह एका कागदावर लिहून ठेवा.